टर्न इट ऑन की टर्न ऑन इट: क्रियापदामागचा छोटा शब्द नेमका कुणाचा?

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत फ्रेझल व्हर्बच्या, म्हणजे क्रियापद आणि एक छोटा शब्द मिळून होणाऱ्या इंग्रजी जोड्यांच्या, याद्यांची पुस्तकं हमखास मिळतात. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, टर्न ऑफ म्हणजे बंद करणं. मुलं याद्या पाठ करतात, अर्थ अचूक सांगतात आणि बोलायची वेळ आली की ‘प्लीज टर्न ऑफ इट’ म्हणतात. यात त्यांच्या पाठांतराचा दोष नाही. एकाखाली एक छापलेल्या या जोड्या दोन वेगळ्या जातींच्या असतात, आणि नेमकं तेच यादीत लिहिलेलं नसतं. व्याकरणकारांमध्येही एकवाक्यता नाही. काही जण दोन्ही जातींना फ्रेझल व्हर्ब म्हणतात, काही जण फक्त गिव्ह अप, टर्न ऑफ यांच्या जातीला.

फरक समजून घ्यायला इंग्रजी व्याकरणापर्यंत जायची गरज नाही, मराठीचं पुरतं. ‘तो वर गेला’ यातला ‘वर’ क्रियाविशेषण आहे, तो क्रियापदाबरोबर राहतो. ‘तो गच्चीवर गेला’ यातला ‘वर’ शब्दयोगी आहे, तो गच्चीला चिकटला. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना हे मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगता येईल. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहितात, बऱ्याचदा नामाचं सामान्यरूपही होतं, त्यामुळे डोळ्यांनाच उत्तर मिळतं. इंग्रजीत ते सुटं लिहितात आणि नामाचं रूपही बदलत नाही. म्हणून दोन्ही जाती कागदावर सारख्या दिसतात.

इंग्रजीतली खूण आहे सर्वनाम. टर्न ऑफमधला ‘ऑफ’ क्रियापदाचा आहे. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं, पण फॅनच्या जागी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: टर्न इट ऑफ. लुक आफ्टरमधला ‘आफ्टर’ मात्र पुढच्या नामाचा आहे, तो त्याला सोडून मागे जात नाही. म्हणून ‘लुक आफ्टर हिम’ बरोबर, ‘लुक हिम आफ्टर’ चूक. यादी पाठच करायची असेल तर प्रत्येक जोडी ‘इट’ घालून पाठ करावी: गिव्ह इट अप, पुट इट ऑफ, पण लुक फॉर इट, डील विथ इट. अर्थाबरोबर जातही लक्षात राहते.

कधी कधी तेच दोन शब्द दोन्ही जातींत सापडतात, आणि मला यातला हाच भाग सर्वांत आवडतो. ‘शी टर्न्ड इट ऑन’ म्हणजे तिनं ते चालू केलं. ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’ म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला. मराठी वाक्यात ‘वर’ कसा ‘त्याच्या’ला चिकटलाय पाहा, तिथे इंग्रजीतला ‘ऑन’सुद्धा ‘हिम’चाच आहे. ‘शी सॉ थ्रू हिम’ म्हणजे त्याचा कावा तिनं ओळखला, आणि ‘शी सॉ हिम थ्रू’ म्हणजे अडचणीच्या काळात तिनं त्याला निभावून नेलं. एका शब्दाची जागा बदलली आणि संशयाच्या जागी सोबत आली. ‘ही रॅन अप अ हिल’मध्ये माणूस टेकडी चढतोय, ‘ही रॅन अप अ बिल’मध्ये त्याच्या नावावर उधारी चढतेय. टेकडीच्या वाक्यात ‘अप’ टेकडीचा, बिलाच्या वाक्यात क्रियापदाचा.

कानालाही फरक कळतो. टर्न इट ऑफ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो. लुक ॲट इट म्हणताना तो ‘लुक’वर असतो आणि ‘ॲट’ बहुधा दबून जातो. आपण मराठी माणसं सगळे शब्द सारख्याच वजनानं बोलतो, त्यामुळे ही खूण हातची जाते.

तीन शब्दांच्या जोड्यांत दोन्ही जाती एकत्र येतात. लुक फॉरवर्ड टूमधला ‘फॉरवर्ड’ क्रियापदाचा, ‘टू’ पुढच्या नामाचा, त्यामुळे त्याच्यापुढे ‘मीट’चं नामासारखं ‘मीटिंग’ होतं. म्हणून मेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ लिहायचं, ‘टू मीट यू’ नाही. मराठीतही ‘साठी’ लावायचा तर आधी ‘भेटणे’चं ‘भेटण्या’ करावं लागतं, तेव्हा ‘भेटण्यासाठी’ होतं. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘कोप अप विथ’ मात्र प्रमाण इंग्रजीत नाही, तिथे फक्त कोप विथ. बहुधा कीप अप विथ आणि कॅच अप विथच्या संगतीनं तो ‘अप’ आत शिरला असावा.

परक्यांना हे जड जातं, हे इंग्रजांना फार आधीपासून माहीत आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहिलं की क्रियापदाला असा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परदेशी माणसाला सर्वांत अडचणीची ठरते. फ्रेझल व्हर्ब हे नाव बरंच उशिरा, १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लेखनातून रूढ झालं. ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

हिंजवडीतल्या कचेऱ्यांत दिवसभर ऐकू येणारे बॅकअप, फॉलोअप, सेटअप हे शब्द नामं आहेत, म्हणून तर आपण ‘बॅकअप घे’, ‘फॉलोअप कर’ म्हणतो. मराठी बोलताना यात काहीच बिघडत नाही. इंग्रजी लिहिताना मात्र नाम जोडून किंवा मधे छोटी रेघ देऊन लिहावं आणि क्रियापद तोडून: बॅक अप द फाइल्स.

राहिला लिखाणाचा प्रश्न. फ्रेझल व्हर्ब म्हणजे बोलीतली भाषा, अर्जात किंवा प्रबंधात चालत नाही, असं अनेक ठिकाणी शिकवतात. हे मला मुळीच पटत नाही. पुट ऑफपेक्षा पोस्टपोन जास्त औपचारिक आहे, हे खरं. पण कॅरी आउट, पॉइंट आउट, सेट अप हे संशोधनपर लेखांत नेहमीचे आहेत, तिथे कुणी नाक मुरडत नाही. उलट, मित्राला निरोप पाठवताना ‘द प्लॅन इज पोस्टपोन्ड’ लिहिलं तर ती सूचना फलकावर लावल्यासारखी वाटते. तिथे ‘लेट्स पुट इट ऑफ टिल संडे’ म्हणावं.