उभ्या पवनचक्कीचं पातं असं का झालं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडवर टर्बो व्हेंटिलेटर गरगरत असतात, ते बघून कुणीतरी म्हणतंच, "याला डायनामो लाव की बे, फुकटची वीज हाय." तो डबा आतली गरम हवा बाहेर काढायला केलाय, वीज निघाली तरी नावालाच. पण तसंच उभ्या दांड्याभोवती पाती फिरवायची, म्हणजे उभ्या पवनचक्कीची, आयडिया लई जुनी. इराणात खोरासान-सिस्तान पट्ट्यात हजारेक वर्षांपूर्वी असल्या चक्क्यांवर धान्य दळायचे, तिथल्या नश्तीफान गावात त्या अजून उभ्या आहेत, एका बाजूला भिंत घालून वारा अडवायचा म्हणजे दुसऱ्या बाजूची पाती वारा ढकलतो, बस्स.

1920च्या दशकात फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियसनं पण ढकलण्यावरच काम भागवलं. पिंप उभं चिरायचं, दोन्ही अर्धे जरा सरकवून जोडायचे. हलक्या वाऱ्यात आपोआप सुरू होतं, कुठलाही वेल्डिंगवाला करून देईल, पण पातं वाऱ्याच्या वेगाच्या आसपासच फिरतं आणि वाऱ्यातली 15-20 टक्के ताकद मिळाली तरी खूप. (जर्मन शास्त्रज्ञ बेट्झच्या हिशोबानं कुठल्याही चक्कीची कमाल हद्द 59.3 टक्के.)

खरी उडी त्याच दशकात फ्रान्सच्या जॉर्ज दारियूसची, अमेरिकन पेटंट 1931चं. त्यानं पात्याला विमानाच्या पंखाचा छेद दिला, मग वारा ढकलत नाही, लिफ्ट (विमानाला वर उचलणारा तोच जोर) पुढं ओढते, आणि पातं वाऱ्याच्या चार-पाच पट वेगानं पळतं. पोरी दोरीच्या उड्या मारताना दोरी जशी फुगते तसा त्याचा बाक, तो दिसायला भारी म्हणून नाही, त्या आकारात फिरताना पातं वाकत नाही, फक्त ताणलं जातं.

गोची वेगळीच आहे. एका फेऱ्यात वारा पात्याला एकदा बाहेरून लागतो, एकदा आतून, म्हणून दोन्ही अंगांनी सारखं असलेलं नाका 0012 किंवा 0015 प्रोफाइल (नाका या अमेरिकन विमानसंस्थेनं नंबर दिलेले पंखाचे आकार) वापरायचे. पातं वाऱ्याच्या चौपट वेगात असेल तर वारा जास्तीत जास्त साडेचौदा अंश तिरका लागतो, दुप्पटच असेल तर 30 अंश, आणि तेवढ्यात लिफ्ट कोसळते, याला म्हणतात स्टॉल. त्यामुळं थांबलेली दारियूस बहुतेकदा स्वतःहून उठत नाही, मोटर लावून धक्का द्यावा लागतो.

ही कल्पना नंतर विसरलीच गेली. 1960च्या दशकाच्या शेवटी कॅनडात पीटर साउथ आणि राज रांगी या संशोधकांनी दारियूसचं पेटंट माहीत नसताना तीच चक्की परत शोधली! मग 1973चं तेलसंकट आलं, अमेरिकेत सँडिया या सरकारी लॅबनं हात घातला, कॅलिफोर्नियात फ्लोविंड कंपनीनं अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या शेकडो चक्क्या लावल्या. दर फेऱ्याला पात्यावरचा जोर उलटसुलट, धातू थकला, सांध्यांना चिरा. कॅनडात क्वेबेकची एओल नावाची चक्की तर 110 मीटर उंच, 1993मध्ये खालच्या बेअरिंगनं मान टाकली आणि ती थांबली ती थांबलीच. आपल्या साताऱ्याला वणकुसवड्याच्या पठारावर गेलात तर सगळ्या आडव्या दांड्याच्याच दिसतील, ते उगाच नाही.

ब्रिटनमध्ये पीटर मसग्रोव्हनं सरळ पात्यांचा एच आकार आणला, 1990च्या दशकात अमेरिकेत गोरलोव या इंजिनिअरनं पाती पिळली, म्हणजे जोर एकदम न येता फेराभर वाटला जातो, थरथर कमी. सध्या रीलमध्ये गच्चीवरच्या म्हणून दाखवतात त्या बऱ्याचदा याच पिळाच्या, दिसायला एक नंबर. फक्त वारा निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते, आणि जुळे सोलापुरात टाक्या, कठडे, शेजारची बिल्डिंग यातून गाळून येणारा वारा केवढा, ते घेणाऱ्यानं आधी मोजावं, मग पात्याचा पीळ बघावा.