एचटीएमएल-सीएसएस लेखनशिस्त

वेबपानाच्या आशयाची रचना एचटीएमएल या खुणांच्या भाषेत, तिचे दृश्यरूप सीएसएस या मांडणीच्या भाषेत, आणि दोहोंची सरमिसळ नाही, असा शिरस्ता. नवशिक्याला शिकवल्या जाणाऱ्या इतर सवयी (उघडलेला टॅग, म्हणजे कोनी कंसातील खूण, बंद करणे, चित्राला पर्यायी मजकूर देणे, व्हॅलिडेटर या चुका दाखवणाऱ्या साधनावर पान तपासणे) बहुतांशी यातूनच निघतात.

या फारकतीचे श्रेय कोणाला, याविषयी एकमत नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातील बैठकीत आशय व मांडणी वेगळी ठेवण्याची कल्पना मांडली. साधारण त्याच सुमारास न्यूयॉर्कचे ग्रंथसंकल्पक स्टॅन्ली राइस संपादकीय रचनेच्या खुणांची यादी सुचवत होते. आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर व लोरी यांनी १९६९ पासून जीएमएल ही मजकुरावर रचनेच्या खुणा करण्याची भाषा विकसित केली. तिच्यातून निघालेली एसजीएमएल १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएलसाठी तिचाच साचा घेतला. संगणक-इतिहासकारांचा कल आयबीएमकडे असतो. तथापि मूळ गरज छापखान्याची होती, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

होकुन व्यूम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडला. बर्ट बॉस यांच्यासह सिद्ध झालेली पहिली पातळी १७ डिसेंबर १९९६ रोजी डब्ल्यू३सी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. गंमत अशी, की जेमतेम महिन्याभराने आलेल्या एचटीएमएल ३.२ ने रंग व आकार सांगणाऱ्या फॉन्ट टॅगला अधिकृत मान्यता दिली. १९९७ च्याच डिसेंबरातील एचटीएमएल ४.० ने तो त्याज्य ठरवला.

मराठीत ही सरमिसळ आणखी खोल होती. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी सातारा-सांगलीकडील डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी करणाऱ्यांच्या, सवयीचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवत. असा मजकूर पानावर चढवला, की तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘सांगली’ऐवजी निरर्थक चिन्हे उमटत आणि शोधयंत्राला ते नाव सापडत नसे. म्हणून मराठी पानापुरती पहिली सवय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये ठेवणे, यूटीएफ-८ ही युनिकोड साठवण्याची पद्धत पानात घोषित करणे व पानाची भाषा सांगणाऱ्या लँग या गुणधर्मात मराठीची ‘एमआर’ ही खूण देणे. फॉन्टमध्ये सोय असल्यास या खुणेमुळे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही मराठी उच्चार निवडता येतात.

तक्त्याबाबत नवशिक्यांत उलटसुलट समज आढळतात. सांगलीच्या पेठेतील राजापुरी हळदीची आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण दर ही माहिती मुळातच तक्त्याची आहे. तिथे टेबल टॅगच योग्य, रकान्यांची शीर्षके टीएच टॅगमध्ये व मथळा कॅप्शन टॅगमध्ये. हेच दर डिव्ह या स्वतःचा अर्थ नसलेल्या टॅगच्या चौकटींत मांडले, तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कोणता आकडा कोणत्या रकान्याचा, हे यंत्राला कळत नाही. याउलट पानाचे दोन स्तंभ पाडण्यासाठी तक्ता वापरण्याचे कारण, सीएसएस ग्रिड ही ओळी-स्तंभांत मांडणी करण्याची सोय २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आल्यापासून, उरलेले नाही. उतरलेल्या दराच्या क्लासला (सीएसएस ज्यावरून रूप देते त्या गटाला) ‘लाल’ असे नाव देणे टाळावे. उद्या रंग निळा ठरला तर नाव खोटे पडते. ‘दर-उतार’ टिकते.

सीएसएसची प्रचलित उदाहरणे रोमन लिपी गृहीत धरतात. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांतील अंतर, वाढवल्यास देवनागरीची शिरोरेखा तुटते. ओळींतील अंतर १.२ पट ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, १.६ पटीच्या आसपास वाचन सुसह्य होते. ठरावीक उंचीच्या बटणात रफार कापला जाण्याचा दोषही याच जातीचा. तेथे उंची मोकळी सोडून पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा, द्यावे.