हार्ट सर्जनचा हात कुठं तयार होतो? सीव्हीटीएस रेसिडेन्सीची पार्श्वभूमी

माझी धाकटी बहीण मुंबईला सीव्हीटीएसची रेसिडेंट आहे, म्हणजे छाती, हृदय आणि रक्तवाहिन्यांची सर्जरी. अमळनेरला घरी आली की नाना सकाळीच खाटकाकडून बोकडाचं दिल आणून ठेवतात. ती ओट्यावर परातीत ते धरते, वरच्या बारीक धमनीला चीर देते आणि एक्स्पायर झालेल्या सेव्हन-ओ प्रोलीनने, केसापेक्षा बारीक निळा धागा असतो तो, टाका टाका शिवत बसते. आजी पहिल्यांदा बघून म्हणाली, "हाई काय शिवी ऱ्हायनी व माय?" एमबीबीएस, एमएस होऊन एमसीएचच्या, म्हणजे एमएसनंतरच्या सुपरस्पेशालिटी डिग्रीच्या, दुसऱ्या वर्षाला असलेली पोर घरच्या ओट्यावर का शिवतेय हे मलाही कळेना, म्हणून मी हा सगळा इतिहास वाचायला लागलो.

सुरुवात 'रेसिडेंट' या शब्दापासून. १८८९ ला अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथे हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने अशी पद्धत घातली की शिकाऊ डॉक्टरने हॉस्पिटलातच राहायचं, तिथेच झोपायचं, आणि वर्षागणिक जबाबदारी वाढत जायची. राहतो म्हणून रेसिडेंट. पण ती रचना पिरॅमिडसारखी होती, खाली बरेच घ्यायचे आणि वर एखादाच पोचायचा. छातीच्या सर्जरीचं वेगळं शिक्षण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९२८ ला मिशिगन युनिव्हर्सिटीत जॉन अलेक्झांडरने सुरू केलं. हृदय तेव्हा लांबच होतं, छातीची सर्जरी म्हणजे मुख्यतः टीबी, आणि अलेक्झांडरला स्वतःलाही टीबी झालेला.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो व्हिव्हियन थॉमस. २९ नोव्हेंबर १९४४ ला हॉपकिन्समध्ये ब्लॅलॉक या सर्जनने निळ्या पडणाऱ्या बाळावर पहिलं ऑपरेशन केलं ते सगळ्यांना माहितीये, पण ते ऑपरेशन त्याआधी लॅबमध्ये कुत्र्यांवर कितीतरी वेळा करून पक्कं केलं होतं थॉमसने, जो डॉक्टर नव्हता, कॉलेजला जायचं राहून गेलेला आणि लॅबमध्ये नोकरीला लागलेला काळा माणूस होता. ऑपरेशनच्या दिवशी तो ब्लॅलॉकच्या मागे स्टुलावर उभा राहून सांगत होता की टाका कुठे आणि कसा घ्यायचा. पुढे कित्येक वर्षं हॉपकिन्सच्या तरुण सर्जन्सनी हात बसवला तो त्याच्याच लॅबमध्ये, आणि त्याला मानद डॉक्टरेट मिळायला १९७६ उजाडलं. मला यातून एवढंच कळतं की या ब्रांचमध्ये हात आधी लॅबमध्येच बसायचा, पेशंटच्या छातीत नाही.

ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनचंही, म्हणजे पंपाचंही, तसंच. गिबन या अमेरिकन सर्जनने ६ मे १९५३ ला मशीनवर पहिली यशस्वी केस केली, पण त्यामागे वीसेक वर्षांची प्राण्यांवरची मेहनत होती.

आपल्याकडे ही ब्रांच आली ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून, रीव्ह बेट्स या अमेरिकन सर्जनबरोबर, स्वातंत्र्यानंतर लगेचच, आणि इथेही सुरुवात टीबीच्या फुप्फुसापासूनच. त्याच वेल्लोरला गोपीनाथ सरांनी १९६१ ला ओपन हार्ट सर्जरी यशस्वी केली, पुढे ते दिल्लीच्या एम्सला गेले, आणि तिथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या वेणुगोपाळांनी ३ ऑगस्ट १९९४ ला देशातलं पहिलं यशस्वी हार्ट ट्रान्सप्लांट केलं. मुंबईत केईएमला डॉ. पी. के. सेन. बर्नार्डने दक्षिण आफ्रिकेत जगातलं पहिलं माणसाचं हार्ट ट्रान्सप्लांट केलं ३ डिसेंबर १९६७ ला, आणि सेन सरांनी परळला १७ फेब्रुवारी १९६८ ला, म्हणजे अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते. पेशंट काही तासच जगला, पण एवढ्या लवकर टेबलावर उभं राहता आलं कारण त्यांच्या टीमने कित्येक वर्षं कुत्र्यांवर तेच ऑपरेशन केलेलं होतं. परत लॅबच!

मग आजच्या रेसिडेंटला घरच्या ओट्यावर शिवायची वेळ का येते, बिघडलं कुठे? माझ्या मते शिडीच्या खालच्या पायऱ्या गेल्या. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप आकसलेले पेशंट आपल्याकडे भरपूर होते, अजूनही आहेत. अशा मायट्रल झडपेसाठी क्लोज्ड ऑपरेशन असायचं, मशीन नाही, धडधडत्या हृदयात बोट घालून चिकटलेली झडप मोकळी करायची. कमी वेळाचं काम, केसेस भरपूर, आणि शिकणाऱ्याला बोटाच्या स्पर्शावर विश्वास ठेवायला शिकवणारं. १९८२ ला जपानच्या इनोउएने फुग्याने झडप उघडण्याची पद्धत काढली आणि हे पेशंट कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून उपचार करतात तिथे, जायला लागले. तिकडे ग्रुंट्झिगने १९७७ ला झुरिकला अँजिओप्लास्टी केली, स्टेंट आले, आणि एक-दोन ब्लॉकवाले सोपे पेशंटही गेले. पेशंटच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, छाती न कापता घरी गेला बिचारा. पण सर्जनकडे उरले ते तीन-तीन नळ्या बंद असलेले, डायबेटिसवाले, आधी दोन स्टेंट टाकलेले, पंपिंग पस्तीस टक्के. असा पेशंट कोणते सर पहिल्यांदा शिकणाऱ्याच्या हातात देतील? त्यात आपल्याकडे बायपास बऱ्याचदा ऑफ-पंप, म्हणजे हार्ट-लंग मशीनशिवाय, होतो, हृदय चालू असताना दीड-दोन मिलिमीटरच्या धमनीला टाके घ्यायचे, तिथे नवख्या हाताला जागाच कमी.

इंग्लंडमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ब्रिस्टलला लहान मुलांच्या हार्ट सर्जरीत जास्त मुलं दगावत होती, चौकशी झाली आणि २००१ च्या अहवालात आलं की १९९१ ते १९९५ मध्ये अपेक्षेपेक्षा तीस-पस्तीस मुलं जास्त गेली. मग सर्जनच्या नावानिशी रिझल्ट जाहीर व्हायला लागले. हे व्हायलाच हवं होतं, आईबापाला कळायलाच पाहिजे. पण स्वतःच्या नावावर आकडा लागतो म्हटल्यावर ज्युनियरला केस देताना सरांचा हातही आखडता होणारच.

अमेरिकेने यावर बरंच केलं. २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, त्याच सुमाराला आधी जनरल सर्जरीचं बोर्ड पास असण्याची अट काढली, २००७ ला स्टॅनफर्डने एमडीनंतर थेट सहा वर्षांचा सलग कोर्स सुरू केला, आणि २००८ पासून नव्या रेसिडेंट्ससाठी बूट कॅम्प, ज्यात डुकराच्या हृदयावर कॅन्युला (मशीनच्या नळ्या) टाकणं, पंपवर जाणं, ॲनास्टोमोसिस म्हणजे दोन रक्तवाहिन्या शिवून जोडणं हे सगळं पहिल्याच वर्षी करून घेतात. म्हणजे थॉमसची लॅब परत आणली त्यांनी.

आपल्याकडे साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमएस, तीन एमसीएच, वर बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी नोकरी. ड्युटीच्या तासांबद्दल केंद्राचं परिपत्रक १९९२ चं आहे, सलग बारा तासांपेक्षा जास्त नको असं त्यात म्हटलंय, प्रत्यक्षात काय चालतं ते ज्यांच्या घरात रेसिडेंट आहे त्यांना विचारा. सुपरस्पेशालिटीच्या काउन्सेलिंगमध्ये या ब्रांचच्या सीट राउंडमागून राउंड रिकाम्या राहतात आणि जे येतात त्यांच्यावर सगळा भार पडतो. माझ्या बहिणीचं पहिलं सव्वा वर्ष छाती उघडणं, छाती बंद करणं, पायाची शीर काढणं, रात्रभर आयसीयूत ड्रेनच्या बाटल्या बघणं, सरकारी योजनेची प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधीच्या मंजुरीचे कागद, अपलोड करणं आणि ब्लड बँकेच्या चकरा यात गेलं. हे पण शिकणंच आहे, मान्य, ऑपरेशननंतरची पहिली रात्र कशी काढायची हे पुस्तकात नाही. पण लॉगबुकात 'असिस्टेड'ची पानंच्या पानं आणि 'परफॉर्म्ड'चा रकाना कोरा. कॉलेजात वेट-लॅब, म्हणजे प्राण्यांच्या हृदयावर सराव करायची खोली, आहे म्हणे, कुलूप लावलेली.

खान्देशात हे वाचून कुणी म्हणेल आपल्याला काय त्याचं. माझे चुलत आबा झडपेसाठी मुंबईला गेले तेव्हा रात्री जीपने आग्रा रोडने निघालो होतो, कसारा घाटात त्यांना धाप लागली आणि आम्ही गाडी बाजूला घेऊन खिडक्या उघडून बसलो, तेवढंच हातात होतं. कुणी ताप्ती लाईनने सुरतला जातं, कुणी नाशिक गाठतं. माझी बहीण धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे कॉलेजातून एमबीबीएस झाली, आता जळगाव, नंदुरबारलाही शासकीय कॉलेजं झालीत, पण तिथे हार्ट सर्जरीचं युनिट उभं राहायला आधी एकट्याने केस उचलू शकणारा सर्जन लागतो, सोबत परफ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारा) आणि भूल देणारा लागतो, आणि असा सर्जन पास झाल्यावर परत तीन-चार वर्षं कुणाच्या तरी मागे असिस्ट करतच मोठ्या शहरात थांबतो, कारण रेसिडेन्सीत हात पुरता बसलेलाच नसतो. म्हणून वेट-लॅबचे तास टाईमटेबलमध्ये लिहिलेले हवेत, स्वतः केलेल्या केसेसचा किमान आकडा परीक्षेला बसण्याआधी तपासला जावा, आणि कागदाच्या कामाला वेगळा माणूस द्यावा. यात परदेशातून आणण्यासारखं महाग काहीच नाही, दिल खाटकाकडे मिळतं.

गेल्या महिन्यात तिचा रात्री साडेअकराला फोन आला. नव्या सरांनी तिला एक पूर्ण डिस्टल, म्हणजे बायपासची शीर हृदयाच्या धमनीला जोडायचा सांधा, करू दिलं, सगळे टाके तिचे. सर समोर ग्लोव्ह्ज घातलेले हात पोटाशी धरून उभे होते, मधे एकदाच म्हणाले, "घाई नको." क्लॅम्प काढल्यावर टाक्यातून एक थेंब आला नाही. नाना झोपले होते, त्यांना उठवून फोन दिला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंट कसा शे?"