म्हातारी मांजर नव्या घरात रुळत नाही, हे खरे का?

‘मांजर माणसाला नव्हे, घराला धरून असते, त्यामुळे निवारागृहातील वयस्क मांजर दत्तक घेतली तरी ती कधीच लळा लावत नाही,’ असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. त्याचे मूळ समजण्यासारखे आहे, कारण नव्या जागी आणलेली मांजर आरंभी पलंगाखाली दडून बसते आणि पाहणाऱ्याला तो नकार वाटतो. वस्तुतः ती ओळखीचे वास हरवल्याची भीती असते, आणि ती कोणत्याही वयाच्या मांजरीला वाटते.

पडताळा घरीच घेता येतो. मांजरीला प्रथम एकाच शांत खोलीत ठेवावे, तिच्या वासाचे जुने अंथरूण सोबत द्यावे आणि तिला ओढून बाहेर काढू नये. काही दिवसांत, तर कधी काही आठवड्यांत, ती शेपूट उभी धरून जवळ येऊ लागते, गाल घासते, डोळे सावकाश मिटते. ही विश्वासाचीच चिन्हे होत. मात्र दिवसभर काहीच न खाल्ल्यास तो रुसवा न समजता पशुवैद्यांना दाखवावे.

राहिला आयुष्याचा प्रश्न. साधारण १० वर्षांनंतर मांजर वयस्क मानली जाते, पण घरात राहणाऱ्या कित्येक मांजरी १५ वर्षांपलीकडेही जगतात. दत्तक घेण्यापूर्वी मूत्रपिंड, थायरॉईड आणि दातांची तपासणी झाली आहे का, एवढे अवश्य विचारावे.