गॅस काढला म्हणून खताचा कस जात नाही

शेण किंवा ओला कचरा बायोगॅसच्या टाकीत घातला की त्यातलं सत्त्व गॅसबरोबर निघून जातं आणि मागे नुसता चोथा उरतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे.

बंद टाकीत हवा नसते. तिथले जिवाणू कचरा आधी आंबवून आम्लं तयार करतात. मग दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजीव त्यातून मिथेन बनवतात. साधारण ३५ अंश सेल्सिअसला हे काम जोमात चालतं. तयार गॅसमध्ये ५० ते ७० टक्के मिथेन असतो आणि बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. म्हणजे बाहेर पडतात ते कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. खताचा कस ज्यांच्यावर ठरतो ते नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ सगळे स्लरीतच, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर येणाऱ्या पातळ राबडीतच राहतात. उलट नत्राचा काही भाग अमोनियमच्या रूपात येतो आणि पिकाला लवकर मिळतो.

मग कस जातो कुठे? बहुतेकदा टाकीबाहेर! स्लरी उघड्यावर उन्हात वाळवली की हाच नत्र अमोनिया होऊन उडतो आणि बोल मात्र गॅसला लागतो. ती लगेच मातीत मिसळली, तर हे नुकसान बरंच टळतं.