ट्यूनरची भोके मोठी करणे (गिटार)

गिटारच्या हेडस्टॉकवरचे (मानेच्या टोकाच्या रुंद भागावरचे) जुने ट्यूनर, म्हणजे तारा ताणून सुरात लावायच्या कळा, काढून जाड बुशिंगचे (दांडीभोवतीच्या धातूच्या नळीचे) नवे ट्यूनर बसवायचे झाले, तर लाकडातली मूळ भोके बहुधा अपुरी पडतात. ती नव्या मापापर्यंत वाढवणे हे गिटारदुरुस्तीतले नेहमीचे काम आहे. लाकूड काढायचे असते अगदी थोडे. कसब लागते ते भोकाचा मध्य ढळू न देण्यात आणि पॉलिशचा टवका न उडू देण्यात.

१९५० च्या दशकातल्या फेंडर आणि गिब्सन गिटारींवर क्लूसन कंपनीचे ट्यूनर असत. त्यांची तार गुंडाळायची दांडी ६.३५ मिमी जाडीची. हेडस्टॉकच्या दर्शनी बाजूने एक लहान धातूची बुशिंग भोकात दाबून बसवलेली असते आणि दांडी तिच्यातून बाहेर येते. हे भोक साधारण ८.५ ते ८.८ मिमी, म्हणजे जवळपास ११/३२ इंच असते. पुढे ग्रोव्हर रोटोमॅटिक, शालर एम-६ यांसारखे, गिअर बंद पेटीत असलेले ट्यूनर रूढ झाले. त्यांची बुशिंग आट्यांची असते. ती दर्शनी बाजूने वॉशर घालून पिळायची आणि हेडस्टॉक तिच्या व मागच्या पेटीच्या मध्ये आवळला जातो. यांना सुमारे १० मिमीचे भोक लागते. काही अलीकडच्या ट्यूनरना मागून १० आणि पुढून ८ मिमी असे पायरीचे भोक हवे असते. म्हणून नव्या ट्यूनरचे माप व्हर्नियर कॅलिपरने स्वतः घेतल्याशिवाय हत्याराला हात लावू नये. इंचातल्या ड्रिलसंचात ३/८ चे पाते १० मिमीच्या जवळचे वाटते, पण ते ९.५ मिमीच भरते. २५/६४ चे ९.९ मिमीच्या आसपास जाते.

८.७ वरून १० मिमीपर्यंत जायचे म्हणजे चहूबाजूंनी जेमतेम ०.६५ मिमी लाकूड काढायचे. नेमकी इथेच साधे ड्रिल घात करते. पात्याच्या टोकाला टेकायला मध्ये लाकूडच नसते, त्यामुळे मार्ग दाखवणारे काही उरत नाही. धार एका कडेत रुतते, पाते स्क्रूसारखे झपकन आत ओढले जाते आणि एकतर भोक एका बाजूला सरकते किंवा मागच्या बाजूने लाकडाची कपची निघते. फेंडरसारख्या सहा ट्यूनर एका ओळीत असलेल्या हेडस्टॉकवर एखादे भोक मिलिमीटरभर सरकले, तरी ओळ वाकडी झालेली लांबून ओळखू येते.

म्हणून हाताने फिरवायचा आडव्या मुठीचा निमुळता रीमर (कडांनी लाकूड खरवडत भोक वाढवणारा दांडा) हे या कामाचे भरवशाचे हत्यार. तो भोकाच्या कडेला सगळीकडून सारखा टेकतो, म्हणून मध्य आपोआप सांभाळला जातो. काम धिमे चालते, पण थांबायचे कुठे ते हातात राहते. अडचण एवढीच की निमुळता रीमर भोकही निमुळतेच करतो. ट्यूनरची बुशिंग मात्र सरळ नळीसारखी असते. त्यासाठी आधी दर्शनी बाजूने आणि मग मागून, असे दोन्हीकडून रीमर चालवतात. १४-१५ मिमी जाडीच्या हेडस्टॉकमध्ये यामुळे मधोमध डमरूसारखी एक अरुंद कंबर उरते. ती गोल कानशीने किंवा काठीवर गुंडाळलेल्या सँडपेपरने काढून टाकायची. रीमरवर हव्या व्यासाच्या जागी टेपची पट्टी गुंडाळली की खोलीचा अंदाज चुकत नाही. फिरवायचे फक्त घड्याळाच्या दिशेने, भार हलका, आणि अधूनमधून बाहेर काढून भुसा झटकायचा. उलट फिरवले तर धार बोथट होते. दर चार-पाच फेऱ्यांनी नवी बुशिंग लावून पाहणे हे थोडे कंटाळवाणे आहे, पण वाढलेले भोक परत आकसत नाही.

पॉलिशचा प्रश्न वेगळा. पॉलिएस्टरचा थर जाड आणि ठिसूळ असतो, जुना लाकर सुकून तडकलेला असतो, आणि दोन्ही भोकाच्या कडेलाच आधी सुटतात. काढण्यापूर्वी जुन्या बुशिंगभोवती धारदार सुरीने एक हलकी रेघ फिरवावी, कारण पुष्कळदा बुशिंगला पॉलिश चिकटून बसलेले असते. ती निघत नसेल तर सोल्डरिंग इस्त्रीने किंचित तापवून मागून सरळ रेटावी. पुढून पकडीने तिरकी उपटली तर लाकूड फाटते. त्यानंतर काउंटरसिंक (शंकूच्या आकाराचे पाते) हाताने फिरवून भोकाच्या ओठावर बारीकशी उतरती कड पाडली, की पुढचे हत्यार थेट लाकडाला लागते आणि पॉलिशला धक्का बसत नाही. ही कड नंतर वॉशरखाली झाकली जाते.

पुष्कळ भोके करायची असतील तर उभ्या ड्रिल मशीनवर मार्गदर्शक टोकाचा कटर लावतात. त्याचे टोक जुन्या भोकात बरोबर बसणारे असते, ते पुढे चालते आणि कापणारी धार त्याच्या मागून येते. कारखाना किंवा मोठ्या वर्कशॉपसाठी हाच मार्ग योग्य. पायऱ्यांचे, म्हणजे टप्प्याटप्प्याने जाड होत जाणारे ड्रिल स्वस्तात मिळते आणि चालतेही, मात्र त्याची एकेक पायरी हेडस्टॉकच्या जाडीहून आखूड असते. त्यामुळे तेही दोन्हीकडून चालवावे लागते आणि जरा जास्त दाबले की पुढची मोठी पायरी भोकात शिरते. कुठल्याही यंत्राखाली गिटार धरताना मागे लाकडाची फळी घट्ट आवळलेली हवी.

भोक किती घट्ट असावे हे ट्यूनरच्या जातीवर ठरते. दाबून बसवायच्या बुशिंगला लाकडाचीच पकड हवी, नाहीतर तारेच्या ओढीने दांडी कलते. इलेक्ट्रिक गिटारवर १०-४६ चा तारांचा संच (सर्वांत बारीक व सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सुरात लावला, तर एकेका तारेची ओढ सात-आठ किलोच्या आसपास जाते. आट्यांच्या बुशिंगला एवढी घट्ट बैठक लागत नाही. हाताने दाबल्यावर शिरेल इतपत भोक पुरते. पेटी गोल फिरू नये याची जबाबदारी मागच्या स्क्रूवर किंवा खुंटीवर असते. ही आट्यांची बुशिंग मात्र बेताने आवळावी. वॉशरखाली पॉलिश चिरडून गोल तडा गेलेल्या गिटारी कमी नाहीत.

भोके मोठी करण्याआधी खरोखर गरज आहे का, हे पाहायला हवे. क्लूसनची पत्र्याची पेटी झिजते, गिअरमध्ये ढिलाई येते, प्लॅस्टिकची बटणे कालांतराने आकसून भुगा होतात. त्यामुळे १९६० आणि ७० च्या दशकांत वादक ती बिनदिक्कत बदलून टाकत. लेड झेपलिनचा गिटारवादक जिमी पेज याच्या प्रसिद्ध १९५९ सालच्या गिब्सन लेस पॉलवरही क्लूसनऐवजी ग्रोव्हर आहेत. आज त्या काळातल्या गिटारीची भोके वाढवलेली असतील तर संग्राहक किंमत पाडून मागतात, आणि ते रास्तच आहे. शिवाय बंद पेटीचे ट्यूनर जड असतात, त्यामुळे हलक्या शरीराच्या गिटारीची मान खाली झुकते. फेंडरच्या ओळीत जुने ट्यूनर इतके खेटून असतात की नव्या रुंद पेट्या शेजारीशेजारी मावतील की नाही, हेही कागदावर आखून पाहावे. जुन्या स्क्रूची भोके नव्या पेटीखाली झाकली जात नाहीत, ती बारीक लाकडी खुंट्यांनी बुजवावी लागतात. गोतोह एसडी-९१ सारखे जुन्या मापाच्या भोकातच बसणारे, पण गिअर चांगला असलेले ट्यूनर आता मिळतात. तार पकडून ठेवणारी लॉकिंग आवृत्तीही त्यात आहे. अस्सल जुन्या गिटारीला हाच पर्याय शोभतो.

उलटा प्रवासही करता येतो. १० मिमीच्या भोकात बसणारी आणि आतून ६.३५ मिमीची दांडी घेणारी रूपांतर-बुशिंग घातली की जुन्या पद्धतीचे ट्यूनर पुन्हा बसतात. भोकच वाकडे झाले असेल तर मात्र ते कठीण लाकडाच्या गोल दांड्याने सरस लावून पूर्ण बुजवतात आणि मध्यभागी टोक असलेल्या पात्याने नव्याने पाडतात. दांड्याच्या लाकडाचे तंतू भोकाच्या दिशेने उभे असल्याने पाते तिथेही भरकटू शकते, म्हणून मध्यबिंदू आधी टोच्याने खोलवर दाबून घ्यावा लागतो.