१ टक्केवाली कॉम्पोझिशन आणि ८ टक्केवाला ४४ एडी: गल्ला एकच, पण टॅक्स दोन

"मी १ टक्का भरतो ना, मग आता इन्कम टॅक्सचं काय राहिलं?" हे वाक्य दुकानदारांच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. घोळ होणारच म्हणा, कारण कॉम्पोझिशन आणि कलम ४४ एडी या दोन्ही स्कीम छोट्या धंद्यासाठी, दोन्हीत उलाढालीवर टक्का लावायचा आणि दोन्हीत हिशोबाची कटकट कमी. पण कॉम्पोझिशन जीएसटीतली आणि ४४ एडी इन्कम टॅक्समधला, एक घेतली म्हणून दुसरी आपोआप लागत नाही आणि सुटतही नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे नंबर बदलले, पण दुकानात अजून सगळे ४४ एडीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

कॉम्पोझिशनचा १ टक्का हा सरळ टॅक्स आहे. ४४ एडीचे ८ टक्के हा टॅक्स नाहीच, तो तुमचा धरलेला नफा आहे, टॅक्स त्याच्यापुढे स्लॅबप्रमाणे.

समजा इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, वर्षाला ९० लाखांचा धंदा, त्यातले ४० लाख रोख आणि ५० लाख यूपीआय किंवा बँकेतून. कॉम्पोझिशनमध्ये ९० हजार भरायचे, तेही खिशातून, कारण गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायला परवानगीच नाही, नफा होवो की तोटा. इन्कम टॅक्सला मात्र रोखीवर ८ टक्के म्हणजे ३.२० लाख, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के म्हणजे ३ लाख, असा ६.२० लाख नफा धरला जातो (खरा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा), आणि दुसरं उत्पन्न नसेल तर २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत रिबेट (टॅक्समाफी) असल्याने टॅक्स शून्य.

आता गंमत बघा, २०२५ च्या जुलैत बेंगळुरूत यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि कित्येकांनी क्यूआर कोडच काढून टाकले. पण क्यूआर काढून सुटका नाही, उलाढालीत रोखही तेवढीच धरली जाते, आणि इन्कम टॅक्समध्ये त्याच क्यूआरमुळे २ टक्के कमी नफा धरतात, शिवाय रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ४४ एडीची मर्यादा २ कोटींवरून ३ कोटी होते. कॉम्पोझिशनची मर्यादा आपल्याकडे दीड कोटी.

कॉम्पोझिशन घ्यायची की नाही हे मात्र टक्क्यावरून ठरवू नका, गिऱ्हाईक कोण आहे ते बघा. १०,००० चा माल घेतला, वर १८ टक्क्यांनी १,८०० जीएसटी. तो १४,००० ला विकला. कॉम्पोझिशनवाल्याला त्या १,८०० चं क्रेडिट नाही (म्हणजे भरायच्या टॅक्समधून ते वजा करता येत नाहीत), म्हणून खरेदी पडली ११,८०० ला, वरून १४० टॅक्स, हातात २,०६०. रेग्युलरवाल्याने, म्हणजे नेहमीच्या जीएसटीतल्या दुकानदाराने, तोच माल टॅक्ससकट १४,००० ला विकला तर त्यात २,१३६ टॅक्स, १,८०० वजा करून ३३६ भरायचे, हातात १,८६४. म्हणजे घरगुती गिऱ्हाईक असेल तर कॉम्पोझिशनमध्ये १९६ जास्त सुटले. पण समोर जीएसटी नंबरवाला कॉन्ट्रॅक्टर असेल तर रेग्युलरवाल्याच्या बिलावर त्याला २,१३६ चं क्रेडिट मिळतं, तुमच्या बिल ऑफ सप्लायवर (कॉम्पोझिशनवाल्याचं टॅक्स न दाखवणारं बिल) काहीच नाही, तो शेजारच्या दुकानात जाणार आणि मी असतो तर मीही गेलो असतो. परराज्यात माल विकायचा असेल तर विषयच संपला, कॉम्पोझिशन चालत नाही.

सोडायचे नियमही वेगळे. कॉम्पोझिशन सोडून रेग्युलरमध्ये जाता येतं. ४४ एडीचं तसं नाही, एकदा वापरला की पुढच्या ५ वर्षांत कधी कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर त्यापुढची ५ वर्षं परत मिळत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या ठेवा, ऑडिट करा.

त्यात फॉर्मचे नंबर पण कहर! कॉम्पोझिशनचा वर्षाचा रिटर्न जीएसटीआर-४ आणि ४४ एडीचा आयटीआर-४. दर तिमाहीला सीएमपी-०८ भरायचा तो जीएसटीचा, १५ मार्चपर्यंत एकदाच ॲडव्हान्स टॅक्स तो इन्कम टॅक्सचा. आणि आयटीआर-४ मध्ये जीएसटी नंबर आणि तिथे दाखवलेली उलाढाल विचारायला रकाना आहे, तेव्हा एकीकडे ९० लाख आणि दुसरीकडे ६० लाख लिहिले की ते दोन्ही आकडे त्याच फॉर्मवर शेजारी शेजारी दिसतात.